जकात, भोंगा आणि रेचा

कूलर थोडा वेळ बंद केला तर बरं होईल. पुढच्या रांगेतल्यांना उकडेल, पण मागच्यांना ऐकू येईल. व्यापार धोरणाचंही असंच असतं, एकाच्या गारव्याची किंमत दुसऱ्याच्या कानाला पडते.

संयोजकांनी विषय फार भारदस्त दिलाय: विकसनशील देशातला उद्योग, श्रम आणि व्यापार धोरण. मी तो कापसावर आणतो. नागपुरात बसून दुसऱ्या कशावर आणणार? संत्र्याबद्दल बोलता आलं असतं; बांगलादेशनं त्यावरचा कर वाढवत नेला आणि वरूड-काटोलच्या बागायतदारांचं काय झालं ते तुम्हाला माझ्याहून जास्त माहीत आहे. पण संत्रं तोडलं की विकतात. कापसाच्या वाटेवर मात्र कितीतरी हात लागतात, आणि मला बोलायचंय ते त्या हातांबद्दल.

फेब्रुवारी 2021 च्या अर्थसंकल्पात परदेशी कापसावर आयात शुल्क आलं. सगळं धरून 11 टक्के. 19 ऑगस्ट 2025 ला ते उठवलं, आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग डिसेंबरअखेरपर्यंत. आठवड्याभरात, 27 ऑगस्टला, अमेरिकेनं आपल्या मालावर 50 टक्के शुल्क लावलं. तमिळनाडूतल्या तिरुपूरचे कपडे निर्यातदार म्हणाले, कच्चा माल तरी स्वस्त मिळू द्या, नाहीतर ऑर्डरी गेल्या. इकडे शेतकरी म्हणाला, लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 8110 रुपये जाहीर केलाय, बाजारात त्याखाली मागतात, आणि नेमकं आमचं बोंड फुटायच्या वेळी तुम्ही बाहेरच्या कापसाला दार उघडता? दोघंही खरं बोलत होते. चॅनेलवर रोज संध्याकाळी हे दोघे भांडले. तिसऱ्याला कुणी बोलावलं नाही. तो कोण, याकडे मी येतो, पण थोडं मागून.

हल्ली मॉल दिसतो तिथे एम्प्रेस मिल होती. जमशेटजी टाटांनी जुम्मा तलावाजवळची दलदलीची जागा घेतली आणि भर घालायला सुरुवात केली. गावातला एक सावकार म्हणे भांडवल द्यायला तयार होईना. हा माणूस जमिनीत सोनं पुरतोय, असं त्याचं म्हणणं. पुढे त्यानंच कबूल केलं की यानं माती घातली आणि सोनं काढलं. ऐकीव गोष्ट आहे, पण नागपूरला शोभते. 1 जानेवारी 1877 ला गिरणी सुरू झाली. त्याच दिवशी दिल्लीत व्हिक्टोरिया राणीला सम्राज्ञी म्हणून जाहीर केलं, म्हणून नाव एम्प्रेस. रेल्वे दहा वर्षांपूर्वीच इथवर आली होती, कापूस दाराशी होता. मुंबई सोडून इथे का, याचं उत्तर एवढंच.

आता जकातीचं बघा. (जकात म्हटलं की आपल्याला वाडी नाका आठवतो, मी ती जकात म्हणत नाहीये.) 1896 साली इंग्रज सरकारनं विलायती कापडावर साडेतीन टक्के आयात कर ठेवला, आणि मँचेस्टरवाल्यांच्या पोटात दुखू नये म्हणून इथल्या गिरणीच्या कापडावरही तेवढाच, साडेतीन टक्के, उत्पादन कर बसवला. घरच्या मुलाला आणि शेजारच्या मुलाला सारखाच मार. तो कर जायला 1925 उजाडलं. म्हणजे जवळजवळ तीस वर्षं या गिरणीला इथल्याच सरकारकडून संरक्षण तर नाहीच, वर दंड. तरीही ती वाढली, एकाच्या शेवटी पाच गिरण्या झाल्या.

कशामुळे? एक तर यंत्रामुळे. इंग्लंडातलं लँकेशायर सूत कातायच्या जुन्या म्यूल साच्यांना चिकटून होतं तेव्हा नागपुरात 1880 च्या दशकात रिंगच्या नव्या चात्या लावून बघितल्या गेल्या. दुसरं कारण माणसं. सुरुवातीला कामगार टिकायचे नाहीत. लग्न, पेरणी, जत्रा, कशालाही घरी. मुंबईसारखा दंडुका इथे चालला नसता, कारण माणसाला परत जायला शेत होतं. मग 1886 मध्ये पेन्शन फंड आला, 1895 पासून अपघाताची भरपाई. कायद्यानं यातलं काहीच मागितलं नव्हतं. मी टाटांची आरती ओवाळत नाही. पुढे याच शहरात कामगार पुढारी रुईकरांना गिरणी कामगारांचे संप उभे करावे लागले, ते काही हौस म्हणून नाही. पण मालकाला माणसाची गरज वाटत होती, हे खरं.

स्वातंत्र्यानंतर चित्र उलटलं. परदेशी कापड जवळपास बंद. पूर्ण संरक्षण! आणि त्याच काळात नागपूरच्या गिरण्या आजारी पडत गेल्या. कारण बाहेरून दार बंद केलं आणि आतूनही कडी लावली. 1956 मध्ये गिरण्यांना माग वाढवायला मनाई झाली. पुढे कंट्रोलचं कापड काढायची सक्ती आली. रेशन दुकानातलं ते जाडंभरडं लठ्ठ्याचं कापड इथल्या पन्नाशीपुढच्या सगळ्यांनी अंगावर घातलंय. गिरणी बांधलेली, आणि मालेगाव, भिवंडी, इचलकरंजीला यंत्रमाग खडखडत वाढत होते. तिथे ना पेन्शन, ना पाळीचा हिशेब. काम गेलं नाही, जिथे कायदा पोचत नाही तिथे सरकलं.

माझे वडील शहरातल्या एका गिरणीत रिंग खात्यात होते. आठ तास दोन साच्यांमधल्या बोळातून फिरायचं, तुटलेली तार सांधायची. आयुष्यभर त्यांचा अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर घासत राहायची, झोपेतसुद्धा. पाळीवरून आले की भुवयांवर कापसाची पिंजर. आई गुळाचा खडा हातावर ठेवायची, घसा सुटावा म्हणून. एकदा, मी नववीत असेन, डबा द्यायला आत गेलो. त्यांच्या साच्यावर इंग्लंडातल्या ओल्डहॅमची पितळी पाटी होती, आणि तिच्यावरचं साल माझ्या आजोबांच्या लग्नाआधीचं होतं. मी विचारलं, बाबा, एवढं जुनं? ते म्हणाले, "साचा जुना आहे, तार तर रोज नवीनच तुटते ना." गिरणी बंद झाली, भोंगा थांबला. हिशेबाच्या पैशांसाठी ते किती वर्षं गेटवर जात होते, ते आज काढत नाही.

एम्प्रेससुद्धा 1986 मध्ये सरकारी महामंडळाकडे गेली आणि या शतकाच्या सुरुवातीला बंद पडली. आज आपल्याकडे वस्त्रोद्योग म्हणून मोठं काय आहे? बुटीबोरीला पॉलिएस्टर. कापसाच्या देशात! अमरावतीच्या नव्या वस्त्रोद्योग पार्कचं भूमिपूजन सप्टेंबर 2024 मध्ये वर्ध्यातून झालं. तिथे साचे फिरू लागले तर सगळ्यात आधी मी पेढे वाटीन. तोपर्यंत मात्र पाच क्विंटल कापसाची 170 किलोची एक गाठ बांधायची आणि ट्रकमध्ये चढवायची, इथे आपलं काम संपतं. सूत, विणाई, रंगाई, शिलाई, सगळी मजुरी बाहेर.

मग उरला तो तिसरा: जिनिंगमधला, म्हणजे कापसातून सरकी काढणाऱ्या कारखान्यातला माणूस. खरं तर बाई. 21 नोव्हेंबर 2025 पासून चार नव्या श्रमसंहिता लागू झाल्या. कारखाना बंद करताना सरकारची परवानगी 100 कामगारांवर लागायची, ती आता 300 वर. यावर मोर्चे निघाले, निघायलाच हवेत. पण ज्या जिनिंगमध्ये हंगामापुरती चाळीस माणसं असतात, तिथे शंभरचा आकडाही कधी लागला नव्हता आणि तीनशेचाही लागणार नाही. तिच्यासाठी कायद्याचा आकडा कुठलाही असो, ती बाहेरच.

गेल्या हंगामात मी वर्धा रोडकडच्या एका जिनिंगला गेलो होतो. रेच्यांची, म्हणजे सरकी काढायच्या यंत्रांची रांग, धुरळा असा की समोरचा माणूस धुक्यातला वाटावा. बाया तोंडाला ओढणी बांधून कापूस पुढे ढकलत होत्या, एका बाजूला सरकी पडत होती, दुसरीकडे रुई. वीज गेली तसे रेचे थांबले. मी एकीजवळ बसलो आणि माझ्या मास्तरकीच्या सवयीनं तिला 11 टक्क्यांचं सगळं समजावून सांगितलं, अमेरिका, तिरुपूर, आयात. तिनं शांतपणे ऐकून घेतलं.

मग म्हणाली, "मंग यंदा गाड्या कमी येतीन का जी?"

मी म्हटलं, कदाचित येतील कमी.

तिनं बोटं मोजली. संक्रांतीपासून होळीपर्यंतचे आठवडे मोजत होती. चौथ्या बोटावर वीज आली, रेचे सुरू झाले, आणि ती उठून गेली.