वायफायच दिसत नाही

[दृश्य: नवी पेठ, सकाळ. अभ्यासिकेच्या दाराबाहेर चपलांची रांग.]

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट थांबवला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय मशीनमध्ये लागते, प्रोसेसरही बऱ्यापैकी नवा लागतो. त्यामुळे कीबोर्ड चांगला, स्क्रीन चांगली, तरी घरात कुणी हात लावत नाही असे लॅपटॉप वाढले. पुण्याच्या पेठांत ते पुन्हा कामाला लागतात. स्पर्धा परीक्षेच्या तयारीसाठी गावाकडून आलेली मुलंमुली मामाचा, मोठ्या भावाचा जुना लॅपटॉप घेऊन येतात आणि ओळखीतलं कुणीतरी त्यात विंडोजऐवजी लिनक्स, म्हणजे उबुंटू नाहीतर मिंट, टाकून देतं. मशीन झटक्यात सुरू होतं. मराठी टायपिंगही चालतं. फक्त कोपऱ्यात वायफायची खूण नसते.

[दृश्य: टिळक रस्त्यालगतच्या गल्लीत लॅपटॉप दुरुस्तीचं छोटं दुकान. काउंटरवर उघडा लॅपटॉप.]

"काका, वायफायच दिसत नाही. मैत्रीण म्हणाली, परत फॉरमॅट मारून बघ."

"फॉरमॅट कशाला? आधी कार्ड कुठलंय ते बघू."

काका टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाइप करायची खिडकी, उघडतात आणि एक आज्ञा टाइप करतात: एलएसपीसीआय, मग डॅश एनएनके. पडद्यावर मजकुराचा लोंढा येतो. त्यातला नेटवर्क कंट्रोलरचा तुकडा बघा. कंपनीचं नाव, चिपचं नाव आणि शेवटी चौकोनी कंसात दोन आकडे: १४ई४, पुढे ४३६५. पहिला आकडा कंपनीचा. १४ई४ म्हणजे ब्रॉडकॉम, १०ईसी म्हणजे रिअलटेक, १६८सी म्हणजे अथेरॉस, ८०८६ म्हणजे इंटेल. दुसरा आकडा नेमक्या चिपचा. लॅपटॉपच्या झाकणावर कुणाचा लोगो आहे यावरून काहीच कळत नाही, कारण एकाच मॉडेलच्या दोन लॅपटॉपांत वेगवेगळी कार्डं निघतात.

हे दोन आकडे हातात येईपर्यंत मशीनमध्ये काहीही बदलू नये, असं माझं ठाम मत आहे. दुसऱ्या कुणाच्या कार्डासाठी लिहिलेल्या दहा आज्ञा डोळे झाकून चिकटवल्या की मूळचा दोष राहतो बाजूला आणि नवे चार उभे राहतात.

त्या तुकड्यात खाली आणखी एक ओळ असते: कोणता ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारा प्रोग्रॅम, वापरात आहे. इथे ती ओळ नाही. म्हणजे कर्नलला, लिनक्सच्या गाभ्याला, कार्ड दिसतंय, पण ते चालवणारं कुणी नाही. आरएफकिल ही आज्ञा देऊनही काका खात्री करून घेतात. कधीकधी कार्ड फक्त बंद केलेलं असतं, कीबोर्डवरच्या विमानाच्या बटणाने किंवा कडेच्या स्विचने. इथे तसं काही नाही.

१४ई४:४३६५ म्हणजे बीसीएम ४३१४२. हिला ब्रॉडकॉमचा स्वतःचा, बंदिस्त ड्रायव्हर लागतो. त्याचं नाव 'डब्ल्यूएल'. तो इंटरनेटवरून उतरवायचा, आणि इंटरनेटसाठी तर वायफाय हवं. नवखी माणसं नेमकी इथेच हात टेकतात.

"तुझा मोबाइल दे. डेटा केबल आहे ना?"

अँड्रॉइड फोन केबलने जोडला, सेटिंगमध्ये यूएसबी टेदरिंग सुरू केलं, की लिनक्स त्याला तारेचं नेटवर्क समजून लगेच उचलतं. त्यासाठी सहसा वेगळा ड्रायव्हर लागत नाही. 'ब्रॉडकॉम-एसटीए-डीकेएमएस' हे पॅकेज उतरतं, मशीनवरच ड्रायव्हर तयार होतो. सिक्युअर बूट, म्हणजे ओळखीची डिजिटल सही नसलेला कोड आत न घेणारी सोय, चालू असेल तर मध्येच एक पासवर्ड ठरवायला सांगतात. तो कागदावर लिहून ठेवा. रीस्टार्ट केल्यावर निळा पडदा येतो. तिथे 'एनरोल मॉक' निवडून तोच पासवर्ड द्यायचा असतो. बरेच जण घाईत एंटर दाबून पुढे जातात. मग ड्रायव्हर असूनही सही ओळखीची नाही म्हणून कर्नल त्याला आत घेत नाही.

[दृश्य: पडद्यावर कर्नलच्या नोंदी सरकत आहेत.]

एवढा खटाटोप का करावा लागतो? बरीच वर्षं चिप बनवणाऱ्या कंपन्या आपली चिप आतून कशी चालते हे सांगायलाच तयार नव्हत्या. ब्रॉडकॉमच्या चिपसाठी काही स्वयंसेवकांनी उलटा रस्ता धरला. काहींनी कंपनीचा ड्रायव्हर उलगडून तो काय करतो याचं वर्णन लिहिलं आणि दुसऱ्यांनी मूळ कोडला हात न लावता, निव्वळ त्या वर्णनावरून नवा ड्रायव्हर रचला. २००६ मध्ये तो लिनक्स २.६.१७ मध्ये आला. या चिकाटीबद्दल मला मनापासून आदर वाटतो. २००८ मध्ये अथेरॉसने आपल्या नव्या चिपसाठी खुला ड्रायव्हर दिला, २०१० मध्ये ब्रॉडकॉमनेही काही चिपसाठी दिला. ४३१४२ मात्र त्यात आली नाही.

ड्रायव्हर खुला झाला तरी फर्मवेअर, म्हणजे चिपच्या आत चालणारा प्रोग्रॅम, उरतंच. बऱ्याच वायफाय चिपचं फर्मवेअर कार्डावर कायमचं साठवलेलं नसतं. दर वेळी मशीन सुरू होताना लिनक्स ते डिस्कवरच्या फाइलमधून कार्डात भरतं. फाइल नसेल तर कर्नलच्या नोंदीत, म्हणजे डीमेसेजमध्ये, फर्मवेअर लोड झालं नाही असं येतं आणि शेवटी एरर उणे २. उणे २ चा अर्थ सरळ आहे: फाइल सापडली नाही. त्या ओळीत हव्या त्या फाइलचं नावही छापलेलं असतं. डेबियन या लिनक्सच्याच आणखी एका प्रकाराच्या अधिकृत इन्स्टॉलरमध्ये अशा फाइल पूर्वी नसायच्या. २०२२ मध्ये डेबियनच्या सदस्यांनी मतदान करून हे धोरण बदललं आणि जून २०२३ च्या डेबियन १२ पासून त्या सोबत मिळू लागल्या.

[दृश्य: त्याच दुकानात संध्याकाळ. दुसरा लॅपटॉप.]

या मुलाची तक्रार वेगळी आहे. "वायफाय दिसतं, पण राउटरच्या शेजारी बसलो तरच. खोलीत गेलो की गायब."

आकडे १०ईसी आणि बी७२३. रिअलटेकचं ८७२३बीई. ड्रायव्हर आहे, फर्मवेअर आहे, नोंदीत एकही एरर नाही. काका खालचं झाकण उघडतात. बोटाच्या पेराएवढं कार्ड, त्यावर अँटेनाची वायर बसवायला दोन बारीक सोनेरी टोकं. वायर एकालाच लावली आहे, दुसरं मोकळं. ड्रायव्हर नेमका मोकळ्या टोकावर कान लावून बसलाय. त्यामुळे राउटर हातभर अंतरावर असेल तेवढंच ऐकू येतं.

झाकण परत बसतं. 'मोडप्रोब डॉट डी' या फोल्डरमध्ये एक छोटी फाइल, तिच्यात एकच ओळ: 'ऑप्शन्स', ड्रायव्हरचं नाव आणि 'अँट-सेल बरोबर २'. अँट आणि सेलच्या मध्ये अंडरस्कोर. काही मशीनवर २ ऐवजी १ चालतो, म्हणून दोन्ही करून बघायचे. रीस्टार्ट होतं. मुलगा लॅपटॉप उचलून दुकानाबाहेर, गल्लीच्या तोंडापर्यंत जातो. दुकानाचं वायफाय तिथेही दिसतंय.

आणखी एक प्रकार पेठांतल्या इमारतींत दिसतो: शेजाऱ्यांचे सगळे वायफाय यादीत येतात, फक्त आपलं येत नाही. अशा वेळी ड्रायव्हर बदलण्याआधी राउटरचं चॅनल बघा. भारतात २.४ गिगाहर्ट्झमध्ये १३ पर्यंत चॅनल चालतात. कार्ड अमेरिकेच्या नियमांवर बेतलेलं असेल तर ते ११ च्या पुढे ऐकतच नाही. राउटरवर १, ६ किंवा ११ ठेवलं की काम होतं.

आणि डब्ल्यूएलवाल्यांसाठी एक. नवा कर्नल आला की तो ड्रायव्हर पुन्हा तयार व्हावा लागतो आणि कधीतरी ते फसतं. तेव्हा मशीन सुरू होताना 'अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स'मध्ये जाऊन आधीचा कर्नल निवडा. वायफाय परत येईल. तोवर नव्या कर्नलला जमेल असं ड्रायव्हरचं अपडेट येऊ द्या, आणि जुना कर्नल त्याआधी काढून टाकू नका.