चौथा कॉन्टॅक्ट

(काळा पडदा. रेडिओची खरखर.)

हा जो आवाज ऐकताय ना, हा घरातल्या हॅम रेडिओचा आहे, छंद म्हणून दूरदूरच्या माणसांशी बोलायचा रेडिओ. ४० मीटर बँड, म्हणजे साधारण ४० मीटर लांबीच्या रेडिओ लहरींचा पट्टा. ह्या खरखरीत एलईडी बल्ब आहेत, मोबाईलचे चार्जर आहेत, कुणाच्या तरी सोलर इन्व्हर्टरची बारीक शिट्टी आहे, आणि ह्या सगळ्याच्या तळाशी कुठंतरी माणसं बोलतायत पण ती ऐकूच येत नाहीत. सिग्नलची ताकद दाखवणारा मीटर एस ७ वर, म्हणजे बराच वर, चिकटून बसलाय, कुणी बोलो न बोलो.

आता हे ऐका.

(वारा. मग रेडिओ सुरू होतो, जवळजवळ शांतता.)

रेडिओ तोच, बँड तोच, फक्त जागा डोंगराच्या माथ्यावरची. मी पहिल्यांदा वर जाऊन रेडिओ ऑन केला तेव्हा मला वाटलं बिघडला, चढताना कुठंतरी आपटला असणार, कारण आवाजच नव्हता काही, मी दोनदा केबल काढून परत लावली, आणि मग सहज नॉब फिरवला तर एका माणसाचा आवाज आला, शेजारच्या दगडावर बसून बोलतोय इतका स्वच्छ. तो होता ८०० किलोमीटरवर. अंगावर काटा आला माझ्या, खरंच सांगतो.

लोकांना वाटतं आम्ही डोंगरावर चढतो ते आपला आवाज लांब जावा म्हणून, आणि तेही आहेच, पण मी तरी चढतो ते ऐकायला.

ह्या प्रकाराला म्हणतात समिट्स ऑन द एअर, थोडक्यात सोटा. आता मराठीत सोटा म्हणजे काठी, आणि काठी तर लागतेच, चढताना हातात आणि वर पोचल्यावर अँटेना उभी करायला, त्यामुळे मला हे नाव फार आवडतं. २ मार्च २००२ ला इंग्लंड आणि वेल्समध्ये हे सुरू झालं आणि आता कितीतरी देशांमधल्या शिखरांना स्वतःचा नंबर आहे. जो वर जातो तो ॲक्टिव्हेटर, जो खालून त्याला शोधतो तो चेसर.

नियम थोडे आहेत पण विचार करून केलेले आहेत. सामान स्वतःच्या पाठीवरून न्यायचं. शेवटची चढण पायी, नाहीतर सायकल वगैरे, इंजिनवाली गाडी चालत नाही. बॅटरी चालेल, सोलर चालेल, पेट्रोलचा जनरेटर नाही. रिपीटरमार्फत, म्हणजे सिग्नल पकडून पुढं पाठवणाऱ्या मधल्या स्टेशनमार्फत, झालेलं बोलणं मोजत नाहीत. बसायचं शिखरापासून उभ्या उंचीत २५ मीटरच्या आत, जेणेकरून वारा फारच लागला तर जरा खाली आडोशाला सरकता येतं. आणि पॉइंट हवे असतील तर चार वेगवेगळ्या स्टेशनांशी कॉन्टॅक्ट झालाच पाहिजे. तीन नाही, चार. ह्या चौथ्याचं पुढं सांगतो.

(हात सॅकमधून सामान काढतायत.)

हे बघा सगळं सामान. हा रेडिओ, तळहाताहून थोडा मोठा, ह्याची ताकद ५ वॅट. खोलीतला साधा एलईडी बल्बसुद्धा बहुतेक वेळा ह्याहून जास्त खातो. ही लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी. हा पोल, मासेमारीच्या गळाच्या काठीसारखा एकात एक सरकणारा, ६ मीटरचा, फायबरग्लासचाच घ्यायचा, कार्बनचा नको कारण कार्बनमधून करंट जातो आणि अँटेनाचं गणित बिघडतं. आणि ही अँटेना. म्हणजे ही वायर. बस एवढीच, १० मीटरच्या आसपास, २० मीटर बँडची अर्धी वेव्हलेंग्थ.

आता अर्ध्या वेव्हच्या वायरीला टोकाकडून सिग्नल द्यायचा म्हणजे तिथला इंपिडन्स, म्हणजे करंटला होणारा विरोध, येतो २५०० ओहमच्या घरात, आणि रेडिओला हवेत ५० ओहम, मग मध्ये ही काडेपेटीएवढी डबी लागते, आत ४९ ला १ चा ट्रान्सफॉर्मर, ५० गुणिले ४९ करून बघा, २४५०, बसलं गणित. फेराइटच्या रिंगवर तारेचे वेढे, घरी गुंडाळता येतो. मी पहिला गुंडाळला तेव्हा वेढे मोजायला चुकलो होतो आणि डोंगरावर जाऊन कळलं, तेव्हापासून आधी खालीच मीटर लावून बघतो.

वायर गुंडाळायची पण एक पद्धत आहे. गोल गोल गुंडाळली की सोडताना पीळ पडतो, गाठी बसतात, आणि थंडीत बोटं बधिर झालेली असताना गाठ सोडवणं म्हणजे काय ते ज्याने सोडवलीय त्यालाच ठाऊक. म्हणून अशी, आठाच्या आकारात, ह्या पट्टीवर. एक वेढा इकडून, एक तिकडून. पीळ आपोआप उलगडतो.

५ वॅटवर कसं काय चालतं हे सगळे विचारतात. घरच्या मोठ्या सेटचे १०० वॅट आणि हे ५, फरक विसपट, पण रेडिओच्या हिशोबात तो १३ डेसिबल, मीटरवर जेमतेम दोन एस युनिट. म्हणजे तिकडं माझा सिग्नल एस ७ ऐवजी एस ५ ने पोचेल, एवढंच नुकसान. बाकी काम आयनोस्फिअर करतो, जमिनीपासून काहीशे किलोमीटर वरचा थर, तिथं लहर वळते आणि दोन-तीन हजार किलोमीटर पलीकडं खाली येते. आणि माझ्याकडं खरखर एस ७ वरून एस १ वर आलेली असते, सहा एस युनिट म्हणजे ३६ डेसिबल, कुठल्याही दुकानात ह्या तोडीचा ॲम्प्लिफायर मिळत नाही. मी कमी बोलतो पण मला खूप ऐकू येतं.

खरी मेहनत चेसरची असते. तो बिचारा घरात, त्याच चार्जरच्या आणि बल्बच्या खरखरीत, कानावर हेडफोन दाबून माझे ५ वॅट शोधत बसलेला असतो. आमचे व्हिडिओ बनतात, फोटो येतात, त्याचे कुणी काढत नाही. हा पूर्ण छंद त्याच्या कानांवर उभा आहे असं मी मानतो.

(बर्फाळ माथा. वही, पेन्सिल.)

तर ते चौथ्याचं. हिवाळ्यातली गोष्ट. पेन्सिल बघताय ना, थंडीत बॉलपेनची शाई घट्ट होते म्हणून लॉग, म्हणजे कॉन्टॅक्टची नोंद, पेन्सिलनेच लिहायचा. त्या दिवशी २० मीटरवर बोलून तीन कॉन्टॅक्ट दहा मिनिटांत झाले आणि मग बँड बसला. सिग्नल वर यायचा, खाली जायचा, मग यायचाच बंद झाला. सीक्यू सीक्यू, म्हणजे कुणी आहे का, करत अर्धा तास गेला, वर मोबाईलला रेंज नाही त्यामुळे मी अमुक फ्रिक्वेन्सीवर आहे असं इंटरनेटवर कुणाला कळवताही येत नव्हतं, वाऱ्याने पोल वाकलेला, बॅटरी पण थंडीने लवकर उतरत होती.

मग मोर्सची की काढली, टिंबं आणि रेघा पाठवायचं बटण. मोर्सचा फायदा हा की जगभर लोकांनी आपापल्या घरी आपोआप ऐकणारे रिसीव्हर लावून ठेवलेत, रिव्हर्स बीकन नेटवर्क म्हणतात त्याला, तुम्ही सीक्यू आणि कॉलसाइन, म्हणजे रेडिओवरचं आपलं नाव, पाठवलं की त्यातला एखादा ते पकडतो, आणि आदल्या दिवशी तुम्ही उद्या अमुक शिखरावर येतोय असा अलर्ट इंटरनेटवर टाकून ठेवला असेल तर चेसरांच्या स्क्रीनवर तुमचं नाव आणि फ्रिक्वेन्सी आपसूक झळकते. कुणाच्या तरी घराच्या कोपऱ्यातला तो रिसीव्हर, मी कोण हे ज्याला ठाऊकही नाही, त्याने मला ऐकलं असणार, कारण दोनच मिनिटांत कुणीतरी की दाबली.

फार बारीक. त्याला माझं अर्धंच कॉलसाइन मिळालं. प्रश्नचिन्ह आलं. मी परत पाठवलं. परत प्रश्नचिन्ह. मी हळू केलं, एकेक अक्षर सुटं सुटं, तीनदा. मध्येच तो ऐकू येईनासा व्हायचा आणि मला वाटायचं गेला, की परत प्रश्नचिन्ह. सोडलं नाही त्याने. सहा-सात मिनिटं तो माणूस एका अनोळखी माणसाच्या चार अक्षरांसाठी बसून राहिला, आणि शेवटी माझं पूर्ण कॉलसाइन त्याने परत पाठवलं आणि माझा सिग्नल कसा पोचला त्याचा रिपोर्ट दिला, ३१९.

आता सवयीने सगळे ५९९ देतात, म्हणजे वाचणं, ताकद, टोन सगळं उत्तम, सिग्नल कसाही असो. त्याने ३१९ दिला. कष्टाने वाचता आलं, सिग्नल कसाबसा होता, टोन मात्र शुद्ध. मला आजवर मिळालेल्या सगळ्या ५९९ पेक्षा तो ३१९ प्यारा आहे. ती वही मी अजून जपून ठेवलीय.

पॉइंट उंचीप्रमाणे, १ ते १०, एका शिखराचे वर्षातून एकदाच. १००० झाले की माउंटन गोट म्हणतात, चेसरचे १००० झाले की शॅक स्लॉथ. मोर्स येत नसेल तरी अडत नाही, हातातला वॉकीटॉकीसारखा साधा व्हीएचएफ सेट घेऊन चढा, तिथं नजरेच्या रेषेचा खेळ आहे, आजूबाजूच्या सपाटीपासून ९०० मीटर वर असाल तर रेडिओचं क्षितिज जातं जवळपास १२० किलोमीटरवर. चार जण सहज मिळतात.

वर इतरही लोक येतात, शांतता हवी म्हणून आलेले. त्यांच्यासाठी हेडफोन लावायचा आणि वायर पायवाटेवरून न्यायची नाही.

आणि एक गोष्ट कळकळीने सांगतो. हेडफोनमध्ये मध्येच कडकड ऐकू यायला लागली, सुटी सुटी, मग दाट, तर ती वीज आहे, डोळ्यांना ढग दिसायच्या आधी रेडिओला कळते. त्या वेळी सगळ्यात उंच जागी तुम्ही काठी रोवून बसलेले असता. पोल खाली घ्या आणि उतरा. तीन कॉन्टॅक्ट झाले असतील तरी उतरा.

(संध्याकाळ. माथ्यावर लांब सावली.)

त्या दिवशी ३१९ नंतर मी आवरायला घेतलं होतं, हेडफोन काढणारच, तेवढ्यात अजून एक आला. एस टू एस. म्हणजे समिट टू समिट, तोही कुठल्यातरी शिखरावर बसलेला. त्याची की अडखळत होती, टिंब जास्त पडत होती, थंडीने बोटं वळत नसणार, माझीही वळत नव्हती. त्याने त्याच्या शिखराचा नंबर दिला, मी माझा दिला. मग ७३, म्हणजे आमच्यात शुभेच्छा. आणि मोर्समध्ये सगळ्यात शेवटी एक पद्धत आहे, काही अर्थ नसलेली, एक टिंब तो पाठवतो, एक आपण.

(डिट.)

(डिट.)

(वारा.)