वाघीण रिकामी करा

(दृश्य: रेल्वेचा मालधक्का. रणगाडा उतारावरून वाघिणीवर, म्हणजे मालगाडीच्या डब्यावर, चढतो आहे.)

चालकाला समोरचं फारसं दिसत नाही. पट्टे तर वाघिणीच्या दोन्ही कडांबाहेर आलेत. त्याची सारी भिस्त पुढे उलट पावली चालणाऱ्या या माणसाच्या हातांवर. मूठ वळली की थांबायचं, बोटं हलली की वीतभर पुढे.

मग पट्ट्यांना पाचरी, कोपऱ्यांना साखळ्या, तोफेची नळी जखडून टाकायची. पन्नास टनांचं हे धूड वाटेत सरकलं, तर पलीकडच्या रुळावरच्या गाडीला घासेल. एवढा खटाटोप कशासाठी? रणगाडा शेकडो किलोमीटर रस्त्याने हाकला, तर लढाईआधीच दुरुस्तीला येतो.

युद्धाच्या इतिहासात धक्क्यावरची ही मंडळी क्वचित दिसतात. आमचा कॅमेरा त्यांच्याच बाजूचा आहे, हे आधीच सांगून टाकतो.

(दृश्य: जुनं छायाचित्र. लाकडी पूल, वर गाडी.)

मे १८६२, व्हर्जिनिया. अमेरिकेतलं यादवी युद्ध. पोटोमॅक क्रीक या ओढ्यावरचा हा पूल सुमारे ४०० फूट लांब आणि जवळपास ८० फूट उंच. हर्मन हॉप्ट या रेल्वे इंजिनिअरने तो बांधून घेतला पायदळातल्या अननुभवी शिपायांकडून. जरा जवळून बघा. जंगलात झाड पाडायचं, ओढत आणायचं, उभं करायचं. तासत बसायला वेळ कुणाला होता? नऊ दिवसांच्या कामात पूल उभा. अध्यक्ष लिंकन तो बघून आले आणि म्हणाले, यावरून दर तासाला भरलेल्या गाड्या धावतायत, आणि यात घेवड्याच्या काठ्या नि मक्याची धाटं याशिवाय काहीच नाही!

हॉप्टचं खरं भांडण मात्र आपल्याच सैन्यातल्या अधिकाऱ्यांशी होतं. माल येऊन पडायचा, पण वाघीण रिकामी व्हायची नाही. चाकांवर आयतं कोठार मिळालं, मग घाई कशाला? एखादा जनरल मध्येच गाडी अडवून म्हणायचा, आधी माझी माणसं. एकेरी मार्ग. एक गाडी अडली की मागची सगळी लाईन तुंबली. हॉप्टचा हट्ट एवढाच, की गाडी आली की लगेच उतरवा, रिकाम्या वाघिणी परत पाठवा आणि वेळापत्रकाला हात लावू नका. नोव्हेंबर १८६२ मध्ये तसा हुकूमच निघाला. दर्जा कोणताही असो, कुठल्याही अधिकाऱ्याने गाड्यांच्या चालण्यात ढवळाढवळ करायची नाही. आमच्या मते त्या युद्धातल्या कित्येक लढायांपेक्षा हा कागद मोलाचा आहे.

(दृश्य: रुळांवर उभ्या मालगाड्या, मग नकाशा.)

दोन वर्षांनी याच उत्तरेच्या सैन्यातला जनरल शर्मन दक्षिणेतल्या अटलांटावर चालून गेला. लुईव्हिलपासून ४७३ मैलांचा एकेरी मार्ग, त्याच्या जिवावर एक लाख माणसं आणि ३५ हजार जनावरं १९६ दिवस जगली. शर्मनने पुढे हिशेब मांडला, की हेच काम रस्त्याने करायचं तर सहा-सहा खेचरांच्या ३६,८०० गाड्या लागल्या असत्या. तेवढ्यासाठी त्या भागात धड रस्तेही नव्हते. शत्रूचे रूळ मात्र त्याने उखडले, रुळांखालच्या लाकडी स्लीपरच्या होळीत तापवले आणि झाडांना गुंडाळले.

१८७० मध्ये प्रशियाशी झालेल्या युद्धात फ्रान्सने हॉप्टचा धडा गिरवला नाही. मेत्झच्या यार्डात भरलेल्या वाघिणी तुंबल्या. कुठल्या वाघिणीत काय आहे, हे सांगायला कुणी नाही. पुढे फ्रान्स ते युद्ध हरला.

(दृश्य: संग्रहालयातली फ्रेंच वाघीण.)

पहिलं महायुद्ध. वाघिणीवरची ही अक्षरं वाचा. माणसं ४०, घोडे ८. एकाच डब्याची दोन मापं. ऑगस्ट १९१४ मध्ये जर्मनीत कोलोनच्या पुलावरून दर दहा मिनिटांनी एक लष्करी गाडी पश्चिमेला जात होती.

(दृश्य: १९४१ ची फिल्म. खिळे उपसणारी टोळी.)

जून १९४१. जर्मन फौजा सोव्हिएत हद्दीत शिरल्या आणि रुळांपाशी अडखळल्या. गेज म्हणजे दोन रुळांमधलं अंतर. जर्मन गेज १४३५ मिलिमीटर, सोव्हिएत १५२४. फरक ८९ मिलिमीटरचा, जेमतेम तळहाताच्या रुंदीएवढा. एका बाजूचे खिळे उपसायचे, पहारीने रूळ आत सरकवायचा, पुन्हा खिळे ठोकायचे. स्लीपर लाकडी, त्यामुळे हे काम झपाट्याने व्हायचं. खरी गोची पुढे होती. सोव्हिएत इंजिनं मोठी, त्यामुळे पाणी भरायची ठाणी लांब-लांब. जर्मन इंजिनाचं पाणी तिथवर पुरेना. जिथे रूळ सरकवलेले नव्हते, तिथे एका गाडीतून दुसऱ्या गाडीत माल हातांनी भरायचा. मग हिवाळ्यात बॉयलरबाहेरचे पाइप गोठले, फुटले, आणि इंजिनं जागच्या जागी बंद पडली.

याच युद्धात जर्मनांनी तशाच वाघिणींतून ज्यूंना मृत्यूछावण्यांकडे नेलं गेलं. जपान्यांनी बांधून घेतलेल्या सयाम-ब्रह्मदेश (आजचे थायलंड-म्यानमार) रेल्वेमार्गावर १२ हजारांहून अधिक युद्धकैदी मेले आणि आशियाई मजूर त्याच्या कित्येक पट.

(दृश्य: नवीन मार्गाचं काम.)

ही कामगार मंडळी बाल्टिक देशांतली. पोलंडकडून येणारा १४३५ चा मार्ग लिथुआनिया, लाटव्हियामार्गे एस्टोनियाची राजधानी टालिनपर्यंत नेतायत. त्याला रेल बाल्टिका म्हणतात. तिकडचे जुने रूळ रुंद मापाचे, त्यामुळे पश्चिमेकडून आलेला माल अजून वाटेत दुसऱ्या गाडीत भरावा लागतो, नाहीतर वाघिणीखालची चाकं बदलावी लागतात. नवा मार्ग प्रवाशांसाठी आहेच, पण रणगाडे थेट नेता यावेत हा हेतू तिथली सरकारं आता उघडपणे सांगतात.