दात बघा, मग घोडी बघा

नमस्कार श्रोतेहो. मार्गशीर्षातल्या पौर्णिमेला दत्तजयंती, आणि तापीकाठच्या सारंगखेड्याला एकमुखी दत्ताची यात्रा. तिच्यासोबत भरतो घोड्यांचा बाजार. ही परंपरा तीनशे वर्षांची सांगतात. मी जळगावचा. आजोबांचा टांगा होता, म्हणून आमच्या घरात घोडी आधी आली, सायकल नंतर. यंदा एका दिवसात जाऊन आलो. पहाटे भुसावळ-सुरत मार्गावरची गाडी धरली, दोंडाईच्याला उतरलो आणि शहाद्याकडच्या एसटीत बसलो.

बाजारात शिरलं की आधी वास येतो. ओल्या हरभऱ्याचा, लिदीचा, नव्या चामड्याचा. थंडी कडक होती, घोड्यांच्या अंगावर झुली होत्या. राजस्थान, गुजरात, पंजाब, उत्तर प्रदेश, सगळीकडचे व्यापारी. मारवाडी घोडा लांबूनही ओळखू येतो. कान टवकारले की त्यांची टोकं एकमेकांना भिडतात. काठेवाडीचेही कान आत वळलेले असतात, पण अंगलट जरा लहान. नुकरा मात्र पांढराशुभ्र, त्याच्याभोवती गर्दी हटत नाही.

गर्दी बघते ती उंची, रंग, देवमण म्हणजे गळ्यावरचा शुभ मानलेला भोवरा, आणि बाकी कुठला भोवरा कुठे आहे ते. ढोलकीवर नाचला की बोली चढते. मला वाईट वाटलं ते इथेच. नाचणाऱ्या घोड्यांत काही पोरं होती. हो, पोरंच म्हणतो. दीड-दोन वर्षांची.

एका कोपऱ्यात धुळ्याकडचे एक बाबा कुमैत, म्हणजे तांबूस अंगाची आणि काळ्या आयाळीची घोडी आणि तिची बछेरी घेऊन बसले होते. एक तरुण आला, बछेरीच्या पाठीवर हात टाकून म्हणाला, "बसून बघू का?" बाबांनी तिचा ओठ हळूच वर केला. समोरचे दात बारीक, पांढरे, मुळाशी निमुळते. सगळे दुधाचे.

"हाई आजून पोर शे, भाऊ," एवढंच बोलले आणि ओठ सोडला.

श्रोतेहो, त्या दातांत सगळा हिशोब असतो. घोड्याचे समोरचे मधले दोन दुधाचे दात पडून पक्के येतात ते साधारण अडीच वर्षांनी. शेजारची जोडी साडेतीनला, कडेची साडेचारला. पाचव्या वर्षी तोंड पूर्ण होतं. हाडांचंही तसंच. पायांच्या खालच्या भागातली हाडं लवकर पक्की होतात, पण पाठीच्या मणक्यांना पाच वर्षं, कधी त्याहून जास्त लागतात. आणि आपण बसतो कुठे? पाठीवरच! अदंत, म्हणजे पक्के दात न आलेल्या जनावरावर खोगीर चढवलं की ते तेव्हा बोलत नाही. आठव्या-नवव्या वर्षी लंगडायला लागतं, मग आपण नालबंदाला दोष देतो.

बाबांशी तासभर बोललो. पैदाशीचं ते सांगत होते. लोक नर कोणता ते विचारतात, घोडीबद्दल कोणी विचारत नाही. अकरा महिने पोटात वाढवते ती, पाजते ती, माणसाला घाबरायचं की नाही हे शिंगरू शिकतं तिच्याकडूनच. शिवाय घोड्याच्या पिलाला रोगाशी झुंजायचं बळ गर्भात मिळत नाही, ते येतं चिकातून. म्हणून शिंगरू जन्मलं की पहिल्या काही तासांत त्याने चीक ओढला की नाही, हे बाबा रात्रभर जागून बघतात. मोबाईलवर फोटो काढून विकणाऱ्यांपेक्षा ही जाग मला मोठी वाटते.

मी घोडीच्या पायावरून हात फिरवला, गुडघ्यापासून खुरापर्यंत. सूज नाही, गरमपणा नाही, खूर गोल आणि टणक. तिने मान वळवून माझ्या खांद्याला नाक लावलं आणि उष्ण श्वास सोडला. आजोबांची गौरी असंच करायची.

तो तरुण पुन्हा आला, यावेळी वडिलांना घेऊन. त्यांनीही ओठ उचलून दात बघितले. म्हणाले, "दोन वर्षं राहू दे आईजवळ, मग येतो." बाबांनी मान डोलावली.

दुपारी भरीत-भाकरी खाल्ली. परतीची एसटी निघायच्या आत नदीवर गेलो, तर बाबा दोघींना पाणी पाजायला आले होते. घोडी आधी उतरली, खूर टेकवून तळ चाचपला आणि मान खाली घातली. बछेरी काठावरच थांबली होती. आईने पाणी प्यायला सुरुवात केल्यावर तीही उतरली.