मे महिन्यातला ठसा

(दृश्य : दुपारचे दोन. सीताबर्डीवर तुरळक वर्दळ. डोक्या-तोंडाला दुपट्टा गुंडाळलेला दुचाकीस्वार.)

नागपूरचा मे महिना. पारा ४५ अंशांच्या वर. या उन्हात घाम येतो, पण दिसत नाही; अंगावर येतो तसाच वाळून जातो. चोराच्या बोटांचा घामही त्याला अपवाद नाही, आणि आपली गोष्ट त्याच घामाची आहे.

तळहातावरच्या घामात ९८ टक्क्यांहून जास्त पाणी असते. उरते ते चिमूटभर : मीठ, युरिया, अमिनो आम्ले. चेहऱ्याला, केसांना हात लागला असेल तर थोडा तेलकटपणा. एवढ्याशा ऐवजावर ठसेतज्ज्ञाची सगळी भिस्त.

(दृश्य : प्रयोगशाळेतले टेबल. चिमट्यात धरलेला कागद, काचेच्या ट्रेमध्ये फिकट पिवळे द्रावण.)

न्यायसहायक विज्ञान. आपण सरळ फॉरेन्सिक म्हणतो. नागपुरात या विषयाची पदवी देणारी शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्था आहे. असा विषय शिकणारा विद्यार्थी सुरुवातीलाच ज्या रसायनाने बोटे जांभळी करून घेतो, ते निनहायड्रिन. झिगफ्रीड रुहेमान यांनी ते १९१० मध्ये तयार केले. कातडीला लागले की जांभळा डाग पडतो, हे तेव्हाच लक्षात आले होते. पण त्याच डागातून बोटांचे ठसे उमटवता येतील, हे सुचायला १९५४ साल उजाडावे लागले. ४४ वर्षे डाग समोर होता, आणि लोक हात धूत राहिले.

निनहायड्रिन घामातल्या अमिनो आम्लांना धरते. ही आम्ले कागदाच्या तंतूंत मुरून बसतात, म्हणून जुन्या चिठ्ठीवरचा ठसा वर्षांनंतरही निघू शकतो. फक्त या क्रियेला ओलावा लागतो. साधारण ८० अंश तापमान आणि ६५ टक्के आर्द्रता असलेल्या कपाटात कागद ठेवला, तर काही मिनिटांत रेषा दिसू लागतात. बाहेर नुसता ठेवला तर दिवस जातात. आणि आमच्या मे महिन्यात? उष्णता हवी तेवढी फुकट. अडते ते ओलाव्यापाशी.

काच, स्टील, प्लास्टिक यांची तऱ्हा वेगळी. तिथे मुरायला जागाच नाही. अशा वस्तू बंद पेटीत ठेवून सायनोअॅक्रिलेटची वाफ देतात. म्हणजे आपल्या फेविक्विकच्याच जातीचा गोंद. ठशाच्या रेषांवर त्याचा पांढरा थर चढतो. पण ठसा पार वाळून कोरडा झाला असेल, तर वाफ नीट धरत नाही. पेटीत ८० टक्क्यांच्या आसपास आर्द्रता ठेवतात ती त्यासाठीच.

(दृश्य : खिडकीला लावलेला कूलर. भिजलेला वाळा. खोलीत स्टीलचे कपाट.)

आता ही खोली पाहा. बाहेर रखरख, आत कूलरची ओली हवा. भिंत एक, हवामान दोन. कपाटाच्या दारावरचा ठसा आणि अंगणातल्या मोटारसायकलच्या टाकीवरचा ठसा एकाच वेळी उमटले, तरी दोन्ही सारखेच टिकतील असे धरून चालणे धोक्याचे. परदेशी पुस्तकांत कूलर नाही. आमच्या मते नागपूरच्या विद्यार्थ्यांसाठी याहून हाताशी असलेला संशोधनाचा विषय नाही. आणि पंचनाम्यात दारे-खिडक्यांबरोबर 'कूलर चालू होता की बंद' हेही लिहायला हरकत नसावी.

सगळेच पुरावे हवेवर अवलंबून नसतात. गोळी झाडली की हातावर शिसे, अँटिमनी आणि बेरियमचे बारीक कण बसतात. त्यांचा वैरी ऊन नव्हे, वेळ. काही तासांत ते झडतात. बाहेरून आल्या आल्या हातपाय धुण्याची आपली सवय तर ते आणखी लवकर नेते.

म्हणूनच माणसाने घटनास्थळी लवकर पोहोचायला हवे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६ (३) नुसार, ७ वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिक तज्ज्ञाने घटनास्थळी जायचे आहे. ही व्यवस्था उभारायला राज्यांना ५ वर्षांपर्यंत मुदत आहे. त्या काळात असे पाच मे महिने येतील.

(दृश्य : आर्द्रता कपाटाची काच. आत कागद.)

बारा मिनिटे झाली आहेत. कागद अजून पांढराच वाटतोय. डाव्या कोपऱ्याकडे पाहा. घडीच्या जरा वर... आता दिसली? पहिली जांभळी रेघ.