दोन पात्यांमधली फट : जपानी छाटणीच्या कात्रीविषयी

उपस्थित बागप्रेमी मित्रहो,

पुणेकरांना ओकायामा हे नाव परके नाही. सिंहगड रस्त्यावरचे पु. ल. देशपांडे उद्यान ज्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर उभे राहिले, ती बाग ओकायामा शहरात आहे आणि १७०० साली ती पूर्ण झाली. त्याच ओकायामा प्रांतात ताकाहाशी नावाच्या गावी राइक्यू-जी हे एक लहानसे झेन मंदिर आहे. आजच्या विषयापुरते बोलायचे, तर कोराकुएनपेक्षा मला हे मंदिर अधिक महत्त्वाचे वाटते. तिथल्या बागेची रचना कोबोरी एन्शू (१५७९–१६४७) यांची मानली जाते. मंदिराच्या ओसरीवर बसले की समोर पांढरी वाळू, तीत दगडांची बेटे आणि त्यांच्या मागे उतारावर सात्सुकी अझेलियाच्या झुडपांची एकात एक मिसळलेली हिरवी रांग दिसते. ही झुडपे समुद्राच्या लाटांसारखी छाटलेली आहेत. शेकडो झुडपे असूनही एकही झुडूप वेगळे म्हणून डोळ्यांत भरत नाही. या पद्धतीला जपानीत ‘ओ-कारिकोमी’ म्हणतात, आणि ज्या कात्रीने हे काम होते ती ‘कारिकोमी-बासामी’.

ही कात्री हातात घेतली की बहुतेकांचे लक्ष आधी पोलादाकडे जाते. पोलाद चांगले असते, यात शंका नाही. शिमाने प्रांतातल्या यासुगी इथले पोलाद नामांकित आहे. ते ज्या रंगाच्या कागदात गुंडाळले जाई त्यावरून त्याला ‘पांढरा कागद’, ‘निळा कागद’ अशी नावे पडली. पांढऱ्यात मुख्यतः लोह आणि कार्बन, तर निळ्यात त्यांच्या जोडीला क्रोमियम आणि टंगस्टन असते. विक्रेते या नावांचा फार गवगवा करतात. माझे म्हणणे असे, की कात्रीची खरी कारागिरी पोलादाच्या जातीत शोधू नये; ती दोन पात्यांच्या मधल्या फटीत असते.

ते कसे, हे समजण्यासाठी पाते कसे घडते ते आधी पाहू. सबंध पाते कडक पोलादाचे नसते. मऊ लोखंडाच्या पट्टीवर आतल्या अंगाने पोलादाचा पातळ थर ठेवून, मध्ये टाकणखार आणि लोखंडाचा कीस पसरून, भट्टीत तापवून घणाखाली दोन्ही एकजीव करतात. नंतर पात्याला आकार देऊन साधारण ८०० अंश सेल्सियसच्या आसपास तापवतात आणि पाणी देतात, म्हणजे एकदम थंड करतात. हा नेमका ताव जुन्या पद्धतीचा लोहार तापलेल्या लोखंडाच्या रंगावरून ओळखतो, म्हणून या कामाच्या वेळी कारखान्यात मुद्दाम अंधार राखतात. पाणी दिल्यावर पोलाद काचेसारखे ठिसूळ होते, म्हणून ते पुन्हा हलक्या आचेवर तापवून त्याचा ताठरपणा थोडा उतरवावा लागतो. मऊ लोखंड आणि पोलाद यांचे आकुंचन सारखे नसल्यामुळे या साऱ्या खटाटोपात पाते वाकते, मुरडते. ते पुन्हा वळणावर आणणे ही हातोडीची, डोळ्याची आणि पुष्कळशी धीराची गोष्ट आहे.

पण ‘वळणावर’ म्हणजे सरळ नव्हे. चांगल्या कात्रीची दोन पाती मिटवून उजेडासमोर धरा. खिळ्यापाशी, म्हणजे जिथे दोन्ही पाती जोडलेली असतात तिथे, ती एकमेकांना टेकलेली दिसतील, टोकापाशी टेकलेली दिसतील, आणि मधल्या भागातून उजेडाची बारीक रेघ आरपार येईल. प्रत्येक पात्याची आतली बाजू किंचित पोकळ घासलेली असते आणि पात्याला लांबीच्या दिशेने अगदी सौम्य बाक दिलेला असतो. त्यामुळे कात्री मिटताना दोन्ही धारा कोणत्याही क्षणी एकाच बिंदूवर भेटतात आणि हा बिंदू खिळ्याकडून टोकाकडे सरकत जातो. सगळा जोर त्या एका बिंदूवर एकवटतो, डहाळी चेंगरत नाही, आणि घर्षण कमी असल्यामुळे दिवसभर काम करूनही मनगट भरून येत नाही. हीच पाती आतून सपाट असती, तर ती एकमेकांवर घासली असती आणि पाने कापली जाण्याऐवजी त्यांच्यामध्ये दुमडून अडकली असती. बाक गरजेपेक्षा जास्त झाला तर कात्री जड चालते, कमी पडला तर टोकाशी कापतच नाही. हा बाक लोहार शेवटी, दोन्ही पाती जोडल्यावर, हलक्या ठोक्यांनी आणि वारंवार उघडमीट करून जुळवतो. हाताने घडवलेल्या कात्रीसाठी जास्त पैसे मोजायचे ते या शेवटच्या तासाभरासाठी, असे मला वाटते.

घरी धार लावणाऱ्यांनी यातून एक गोष्ट लक्षात ठेवावी. धार बाहेरच्या उतरत्या बाजूनेच लावायची. आतली बाजू दगडावर घासत बसले की पोकळी नाहीशी होते, आणि मग कितीही धार असली तरी कात्री कात्री राहत नाही. धार लावल्यावर कडेला जी बारीक कोर उलटते, ती काढण्यापुरताच आतून दगड एकदा अलगद फिरवावा.

या कात्रीची दुसरी लकब तिच्या दांड्यांत आहे. दांडे लांब असतात, बहुधा जपानी पांढऱ्या ओकच्या चिवट लाकडाचे, आणि पाती दांड्यांच्या रेषेत नसून जराशी कलती असतात. सपाट माथा छाटताना हात पानांच्या वर राहावेत अशी कात्री धरतात. गोलाई उतरवायची असेल तेव्हा तीच कात्री उलटी करतात, म्हणजे पात्यांचा कल झुडपाच्या उताराबरोबर खाली वळतो. कसबी माळी दोन्ही हात हलवत नाही. एक दांडा, बहुतेकांचा डावा, स्थिर ठेवून तो फक्त दुसरा चालवतो. स्थिर पाते पृष्ठभागाची रेषा धरून ठेवते आणि चालते पाते कापते. दोन्ही हात एकदम हलवणाऱ्याच्या कुंपणाला पायऱ्या पडतात, आणि त्या लांबूनही दिसतात. यंत्राने छाटलेल्या कुंपणाचा दोष निराळा असतो. यंत्राच्या बोथट दातांनी पाने फाटतात आणि चार दिवसांत साऱ्या हिरव्यावर तपकिरी कडा उमटतात. लांबलचक कुंपणाला यंत्र लागतेच, त्याबद्दल तक्रार नाही. राइक्यू-जीच्या लाटांसारखा आकार मात्र हातानेच राखावा लागतो.

आणि तो वेळेवर राखावा लागतो. सात्सुकी साधारण मे अखेरीपासून जूनपर्यंत फुलते, आणि पुढच्या वर्षीच्या कळ्या उन्हाळा संपण्यापूर्वीच शेंड्यांत धरतात. म्हणून बहर ओसरताच, पावसाळी दिवसांतच, छाटणी उरकतात. शरद ऋतूत जोरात कात्री चालवली तर आकार सुरेख राहतो आणि पुढच्या वर्षी फुले मात्र रुसतात. पाइनला ही कात्री लावत नाहीत. अर्धवट कापलेल्या सुया तपकिरी पडतात, म्हणून तिथे कोवळे कोंभ बोटांनीच खुडतात.

कात्र्या घडवणाऱ्या एका गावाविषयी थोडे सांगतो. निगाता प्रांतातल्या सान्जो इथे १७व्या शतकात पुरांनी गांजलेल्या शेतकऱ्यांना जोडधंदा म्हणून खिळे घडवण्याचे काम मिळाले, आणि त्या खिळ्यांतून पुढे विळे, सुऱ्या, कात्र्या आल्या. २००९ साली तिथल्या घडीव हत्यारांना पारंपरिक हस्तकलेची सरकारी मान्यता मिळाली.

आपल्याकडे ही कात्री चालेल का, असे विचारले जाते. ड्युरांटा, मेंदी, कामिनी यांच्या कोवळ्या फुटव्यावर उत्तम चालते. बोराएवढी जाड फांदी आली की ही कात्री बाजूला ठेवून सिकेटर, म्हणजे फांद्या कापायची आखूड कात्री, घ्यावा, कारण पात्यांना पीळ पडला तर तो बाक आपल्याला जुळवता येत नाही. बोगनवेलीच्या जुन्या खोडांच्या वाटेला तर जाऊच नये. हे पोलाद गंजते, आणि कोकणातल्या पावसात एका रात्रीत गंजते. काम झाले की चीक ओल्या फडक्याने पुसावा, पाती कोरडी करावीत आणि तेलाचा हात फिरवावा. जपानी माळी कॅमेलियाच्या बियांचे तेल वापरतात. आपल्याकडे शिवणयंत्राचे तेल सहज मिळते आणि तेही चालते. खिळ्यात एक थेंब सोडायला मात्र विसरू नये.