‘तुका म्हणे’मधलं म्हणणं

मंडळी, नमस्कार. पत्रिकेत आजचा विषय छापलाय तो असा: ‘देव आणि संत प्रत्यक्ष गात होते काय? ग्रंथार्थातील तर्क व त्याच्या मर्यादा’. हे शीर्षक माझं नव्हे. मी फोनवर फक्त ‘गाण्याबद्दल बोलीन’ एवढंच म्हणालो होतो. म्हणजे आजच्या विषयाचं पहिलं उदाहरण संयोजकांनीच घालून दिलं. मूळ वाक्य दोन शब्दांचं, टीका दोन ओळींची.

आणि कोल्हापुरात गाण्याबद्दल बोलायचं म्हणजे जपूनच. शाहू महाराजांनी अल्लादियाखाँसाहेबांना दरबारी ठेवलं ते हे गाव. सुधीर फडके, म्हणजे आपले बाबूजी, १९१९ साली जन्मले ते हे गाव. इथं रिक्षात बसून ‘काल गाण्याला गेलो होतो’ म्हटलं, तर रिक्षावाला आरशातनं बघून विचारतो, ‘कुणाच्या?’

माझी या विषयाशी ओळख झाली ती एका डब्यामुळं. सहावीत असताना गीतापठणाच्या स्पर्धेत नाव दिलं. कुठली स्पर्धा ते विचारू नका. अध्याय पंधरावा, वीस श्लोक. माझे मामा गल्लीतल्या भजनी मंडळात पेटी वाजवायचे. ते म्हणाले, ‘नुसतं घडाघडा काय म्हणतोस, चाल लावू.’ भूप रागात झकास चाल बसवली. ‘ऊर्ध्वमूलमधःशाखम्’, आठ अक्षरं, पुन्हा आठ अक्षरं, चाल कशी बैलगाडीसारखी डुलत चाललेली. पण मामांनी पहिलाच श्लोक बघून चाल लावलेली. दुसरा श्लोक ‘अधश्चोर्ध्वं प्रसृतास्तस्य शाखा’. अनुष्टुभ छंद संपून त्रिष्टुभ छंद सुरू! एका चरणात अकरा अक्षरं. आठाच्या पिशवीत अकरा नारळ. स्पर्धेत त्या जागी माझ्या हातातनं कासराच सुटला. पाचव्या श्लोकापर्यंत मी भूपात होतो की भूपाबाहेर, हे मलाही सांगता आलं नसतं.

परीक्षक कडक सोवळ्यातले. म्हणाले, ‘बाळ, ही नाटकाची पदं नव्हेत. भगवान बोलले. श्रीभगवानुवाच! उवाच म्हणजे बोलले. म्हण, गाऊ नकोस.’ गुण कापले. बक्षिसाचा स्टीलचा डबा गेला.

पुढच्या वर्षी मी शहाणा झालो. तोच अध्याय, पण सरळ, खणखणीत, एकाही अक्षराला हेलकावा नाही. या वेळी परीक्षक दुसरे, शालवाले, रसिक. डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, ‘पाढे म्हणतोयस काय रे? गीता म्हणजे गायिलेली. नावातच गाणं आहे. गा की!’ दुसरा डबा गेला. मामांना सांगितलं तर ते म्हणाले, ‘त्या दोघांस्नी एका खोलीत कोंडा. त्यांचा निकाल लागला की मग आपुन चाल लावू.’

दोघंही अजून त्या खोलीत आहेत असं मला कधी कधी वाटतं. मी संस्कृत शिकलो, पस्तीस वर्षं शिकवलं, ते बरंचसं त्या दोन डब्यांच्या रागानं. आमच्या सौभाग्यवतींचं म्हणणं, घरात डबे कमी आहेत का? पण प्रश्न डब्याचा नाही.

तर दोघांत बरोबर कोण? गंमत अशी, की दोघांचे पुरावे एकाच ओळीत आहेत. प्रत्येक अध्यायाच्या शेवटी आपण म्हणतो, ‘इति श्रीमद्भगवद्गीतासूपनिषत्सु… श्रीकृष्णार्जुनसंवादे’. ‘गीता’ हे मुळात विशेषण. उपनिषद् हा शब्द स्त्रीलिंगी, म्हणून गीता, ‘भगवंतानं गायिलेली उपनिषदं’. आणि त्याच ओळीत पुढं ‘संवाद’! गायिलेला संवाद. शालवाल्यांनी पहिला शब्द धरला, सोवळेवाल्यांनी शेवटचा. त्यात तेराव्या अध्यायात भगवंत स्वतः म्हणतात, हे ऋषींनी नाना छंदांतून ‘गीतम्’. म्हणजे गाण्याचं श्रेय ते ऋषींना देऊन मोकळे.

आता भागवत उघडा. दहाव्या स्कंधात, रासाच्या आरंभी, शरदाची रात्र, पूर्ण चंद्र, आणि कृष्णानं काय केलं? ‘जगौ कलम्’. शब्दशः, गोड गायला. पुढच्याच श्लोकात गोपींनी ‘गीतम्’ ऐकलं. आणि आपण सगळे तिथं काय बघतो? बासरी! चित्रकारानं बासरी काढली, कीर्तनकारानं बासरी सांगितली. जिथं ‘गायला’ लिहिलंय तिथं आपण त्याला वाजवायला लावतो, आणि जिथं ‘बोलला’ लिहिलंय तिथं गायला. बिचाऱ्याला मनासारखं काही करू देत नाही आपण.

मागं एका सप्ताहात एका बुवांनी सांगितलं, भगवंतांनी गीता भैरव रागात आरंभली, कारण सकाळची वेळ होती. टाळ्या पडल्या. मी तिथल्या तिथं हिशेब मांडला. सातशे श्लोक सरळ म्हणायला अडीच-तीन तास. विलंबित लयीत घेतली तर संध्याकाळच्या मारव्याची वेळ होईतो दुसरा अध्यायच चाललेला असणार. तोवर दुर्योधन शांत बसला असता, असं त्याचं एकंदर वागणं पाहता वाटत नाही. मी कुजबुजणार, एवढ्यात शेजारच्या आजी हळूच म्हणाल्या, ‘बुवांचं म्हणे राहिलं.’ मला कळेना. ‘अहो, भैरवात गायले म्हणे, असं म्हणायचं. म्हणे लावलं की चालतं.’ पस्तीस वर्षांत मला जे वर्गात सांगता आलं नाही ते आजींनी एका शब्दात सांगितलं. हा ‘म्हणे’ लक्षात ठेवा, मला शेवटी लागणार आहे.

एक आडवळण. आपल्या पन्हाळ्यावर १७२९ साली मोरोपंत जन्मले. त्यांच्या आर्या कीर्तनकारांनी किती गायल्या असतील! पण पंत स्वतः गात होते का, असं कुणी भांडत नाही. ते पंडित पडले, त्यांचा गळा कसाही असला तरी कुणाचं काय जातंय? भांडण फक्त पूज्य माणसाच्या गळ्यावरून होतं.

हे काय? चिठ्ठी. ‘दहा मिनिटे.’ दहा मिनिटं झाली की दहा राहिली? राहिली. बरं. मग मर्यादा आणि तर्क, जे छापलंय ते, आता भरभर.

बुद्धाचं घ्या. दीघनिकाय या बौद्ध ग्रंथात पंचशिख नावाचा गंधर्व वीणा घेऊन येतो आणि गातो. गाणं चक्क प्रेमगीत, त्यात अर्हत वगैरे मिसळलेले. बुद्ध रागावत नाहीत. म्हणतात, तुझे तारांचे सूर गळ्याशी छान जुळले, हे रचलंस कधी? मात्र भिक्षूंनी धम्म लांब आलाप घेऊन म्हणू नये, हेही त्यांचंच सांगणं. त्याच्या कारणांत एक असं, की संसारी लोक नावं ठेवतील, ‘आम्ही गातो तसंच हे गातात.’ म्हणजे कान पक्का, तरीही शिष्यांना आवर. यावरून बुद्ध स्वतः गात होते किंवा नव्हते, दोन्ही ठरवता येत नाही. तिथं थांबायचं.

येशूचं घ्या. मत्तय आणि मार्क आपापल्या शुभवर्तमानात सांगतात, शेवटच्या भोजनानंतर स्तोत्र गाऊन ते जैतुनाच्या डोंगराकडे गेले. लूक आणि योहान इथं गाण्याबद्दल काहीच बोलत नाहीत. ते वल्हांडणाचं जेवण होतं, आणि त्या जेवणाला बायबलातली ठरलेली स्तोत्रं, ११३ ते ११८, म्हणायची यहुद्यांची रीत. म्हणून अभ्यासक म्हणतात, तीच असावीत. हा तर्क, पण त्याच्या पायाखाली रीत आहे. भैरवाच्या पायाखाली फक्त टाळ्या होत्या. फरक एवढाच.

रामाचं एका वाक्यात. वाल्मीकींच्या काव्यात गातात ते लव-कुश, राम ऐकतो. सागरात भेटणाऱ्या दोन ओंडक्यांची उपमा राम भरताला देतो, तो बोलून. पण गीतरामायण १९५५ साली पुणे आकाशवाणीवरून सुरू झालं, आणि त्यानंतर ती उपमा आपल्याला बाबूजींच्या सुरांशिवाय आठवतच नाही. मलाही नाही. कोल्हापूरनं रामाला गायला लावलं म्हणा.

आता तुकोबा. ते स्वतःच सांगतात, आरंभी एकादशीला कीर्तन करायचो, संतांची वचनं पाठ केली, आणि ‘गाती पुढें त्यांचें धरावें धृपद’. पुढं गाणाऱ्याचं ध्रुपद, म्हणजे पालुपद, मागं उभं राहून धरायचं. म्हणजे तुकोबा टाळकऱ्यांत होते! इथं तर्काची गरजच नाही, साक्ष त्यांचीच. आणि तरीही जवळजवळ प्रत्येक अभंगाच्या शेवटी काय? ‘तुका गाये’ नाही. ‘तुका म्हणे’. नामा म्हणे. ज्ञानदेव म्हणे.

मराठीत आपण गाणं ‘म्हणतो’, मंडळी. आरती म्हणतो, पाळणा म्हणतो, पाढे म्हणतो, ‘मी येतो’ असंही म्हणतो. बोलणं आणि गाणं यांच्या मधली ही जागा आपल्या भाषेत सगळ्यांना पुरेल एवढी ऐसपैस आहे. त्या सोवळेवाल्या परीक्षकांनी मला काय सांगितलं? ‘म्हण, गाऊ नकोस.’ मी म्हणतच होतो की! आणि ऐकीव गोष्टीलाही आपण तोच शब्द लावतो. ‘गायले म्हणे.’

ज्ञानेश्वरांनी अठराव्या अध्यायाच्या अखेरीस आपल्या ओवीबद्दलच हे सांगून ठेवलंय. गायली तर गाण्याला लेणं होईल, न गाता नुसती वाचली तरी तिच्यापुढं गाणं उणं पडेल. मोगऱ्याची फुलं ‘गुंफिलीं कां मोकळीं, उणीं न होती परीमळीं’. शके १२१२ मध्ये मिटवलेलं भांडण माझ्या सहावीत पुन्हा उकरलं गेलं, आणि डबे गेले माझे.

दुसरी चिठ्ठी. समजलं. पत्रिकेत शेवटी ‘पसायदान’ एवढंच छापलंय, पठण की गायन ते छापलेलं नाही. एकदाचं बरोबर छापलंय. पेटीवाले, सूर द्या हवं तर. उठा मंडळी, म्हणूया.